गायधनींचा पेपर

"इल पार्ल," मी फळ्यावर लिहिलेलं वाचलं. "म्हणजे, तो बोलतो." मग त्याखाली दुसरी ओळ लिहिली आणि तीही वाचली. "इल पार्ल. म्हणजे, ते बोलतात."

कँटीनच्या बाकांवर बसलेले दहा फिटर फळ्याकडे नुसते बघत राहिले. दुसऱ्या ओळीत शेवटी ई-एन-टी अशी तीन अक्षरं जास्त होती आणि मी ती वाचलीच नव्हती. इसाक शेख नावाचा तरतरीत माणूस पहिल्या बाकावर बसायचा. त्याला वाटलं बाई विसरल्या. मी सांगितलं की विसरले नाही, ती अक्षरं लिहायची असतात, उच्चारायची नसतात. झालं, सगळे एकदम बोलायला लागले. जे म्हणायचं नाही ते लिहायचं कशाला? एवढ्या मोठ्या देशात कुणाच्या लक्षात आलं नाही का? कुणीतरी म्हणालं की आमच्या सेक्शनला पण असे तीनजण आहेत, मस्टरवर असतात, कामावर नसतात.

हशा ओसरल्यावर शेवटच्या बाकावरून सावकाश आवाज आला.

"ऐकणाराला नाही कळलं तरी चालेल. पण लिहिणाराला कळायला पाहिजे ना, एक आहे का दहा आहेत ते."

हे निवृत्ती गायधनी. माझी आणि त्यांची ओळख झाली ती या वाक्यापासून.

ही गोष्ट ब्याऐंशी सालची. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. पुण्याहून फ्रेंच घेऊन एम. ए. झाले होते आणि वर्षभर नोकरीसाठी वणवण केल्यावर मला कळून चुकलं होतं की फ्रेंच शिकलेल्या मुलीची कुणालाच निकड नसते. तेवढ्यात नाशिकच्या एका फॅक्टरीची जाहिरात आली. फॅक्टरीचं नाव नको. आता ती बंदही पडली आहे. त्यांनी फ्रान्समधल्या एका कंपनीशी करार करून नवीन मशिनं आणली होती आणि ती चालवायला शिकण्यासाठी सहा फिटरांना सहा महिने तिकडे पाठवायचं ठरलं होतं. त्यासाठी दहाजण निवडले होते. त्यांना चार महिन्यांत कामापुरतं फ्रेंच शिकवायचं, परीक्षा घ्यायची, आणि पास होतील त्यांच्यातून सहा निवडायचे. वर्ग पहिली पाळी सुटल्यावर, साडेचार ते सहा, कँटीनमध्ये. फळा स्टोअरमधून आणलेला. भिंतीपलीकडे दुसऱ्या पाळीचा बटाटेवडा तळला जात असायचा आणि माझी क्रियापदं त्या वासात चालायची.

पर्सोनेल ऑफिसर मोडकसाहेबांनी पहिल्याच दिवशी मला केबिनमध्ये बोलावून स्पष्ट सांगितलं होतं. ही पहिली बॅच. दहाच्या दहा पास झाले तर पुढच्या बॅचेस तुमच्याच. शिवाय मशिनांबरोबर आलेल्या जाडजूड पुस्तकांचं भाषांतर करायला एक कायमची जागा काढतोय, तीही तुमचीच समजा. मी खोलीवर जाऊन त्याच दिवशी आईला पत्र लिहिलं की नोकरी जवळजवळ लागलीच.

शिकवताना माझ्या लक्षात आलं की ही माणसं माझ्यापेक्षा हुशार आहेत, फक्त शाळेने त्यांचा पिच्छा लवकर सोडला होता. मी पुस्तकातली 'गाणे', 'नाचणे' अशी क्रियापदं बाजूला ठेवली आणि त्यांची घेतली. सेरे म्हणजे आवळणे. तूर्ने म्हणजे फिरवणे. पूसे म्हणजे ढकलणे. ज सेर, मी आवळतो. नू सेरों, आम्ही आवळतो. वू सेरे, तुम्ही आवळता. मूळ धातू बाजूला काढायचा आणि त्याला माणसाप्रमाणे शेपूट लावायचं. सहा माणसं, सहा शेपटं. एकदा ती पाठ झाली की त्या जातीची हजार क्रियापदं तुमच्या खिशात. हे त्यांना फार आवडलं. एका मापाचा पाना आणि हजार नट, असं इसाकने त्याचं वर्णन केलं.

त्यु आणि वू यांची तर त्यांना काहीच अडचण आली नाही. पुण्यात कॉन्व्हेंटच्या मुलींना शिकवताना मला यावर तीन तास घालवावे लागायचे. इथे मी 'तू' आणि 'तुम्ही' एवढंच म्हटलं आणि पुढे गेले. फक्त बायको नवऱ्याला काय म्हणते यावर थोडी चर्चा झाली. फ्रेंच बायको नवऱ्याला त्यु म्हणते हे ऐकून दोघांनी आपण जाणार नाही असं जाहीर केलं.

गायधनी या गमतीजमतीत फारसे नसायचे. पंचेचाळिशीचा, सडपातळ, डोक्यावर पांढरी टोपी, बोटांची नखं काळी पण वही स्वच्छ. नाशिक रोडच्या पुढे पळसे गाव आहे, तिथले. बावीस वर्षं फॅक्टरीत. मशिनं बसवायला आलेला फ्रेंच इंजिनिअर त्यांनी नुसत्या हाताच्या अंदाजाने आवळलेला नट बघून थक्क झाला होता, असं सगळे सांगत. नट किती आवळलाय ते मोजणारं टॉर्कचं मीटर लावून बघितलं तर काटा नेमका जिथे हवा तिथे. जाताना त्याने मोडकसाहेबांना सांगितलं होतं की बाकी कोणीही पाठवा, हा माणूस पाठवाच.

वर्गात त्यांचा हात क्वचित वर व्हायचा, पण विचारलं की उत्तर यायचं आणि ते बरोबर असायचं. नुसतं बरोबर नाही, घोटलेलं. मला वाटायचं, सातवी शिकलेला माणूस, दिवसभर उभ्याने काम करून घरी जातो, हे घोटतो कधी?

चार महिने संपले. मी बारा क्रियापदांचा पेपर काढला. प्रत्येकाची सहा रूपं, बाहत्तर मार्क. एका शनिवारी परीक्षा झाली आणि त्याच संध्याकाळी मी खोलीवर पेपर तपासायला बसले. इसाकला अडुसष्ट. बाकीच्यांना पन्नासच्या पुढे. शेवटचा पेपर गायधनींचा होता, मुद्दाम मागे ठेवलेला, जेवणात गोड शेवटी ठेवावं तसा.

पहिलं उत्तर चूक. दुसरं चूक. तिसरं चूक. पान उलटलं. सगळं चूक. बाहत्तरपैकी बाहत्तर.

मला आधी राग आला. मग पेपर पुन्हा पहिल्यापासून बघायला घेतला, आणि तिसऱ्यांदा बघताना मला ते दिसलं.

ज्याला येत नाही तोसुद्धा बाहत्तरात दहा-बारा बरोबर लिहितो. ठोकून दिलं तरी चार लागतात. गायधनींचं एकही लागलं नव्हतं. कारण त्यांनी 'मी'चं शेपूट 'आम्ही'ला लावलं होतं आणि 'आम्ही'चं 'मी'ला. 'तू'चं 'तुम्ही'ला, 'तुम्ही'चं 'तू'ला. 'तो'चं 'ते'ना, 'ते'चं 'तो'ला. बाराही क्रियापदांत हेच. कुठे हात घसरला नव्हता, कुठे खाडाखोड नव्हती. एवढ्या नेमाने चुकायला सगळं नेमकं यावं लागतं.

माणूस मला फसवत होता. चार महिने मी ज्याला माझा सगळ्यात चांगला विद्यार्थी समजत होते, त्याने माझी नोकरी घालवायची असं ठरवून पेपर लिहिला होता. मला तेव्हा दुसरं काही सुचलंच नाही. चोविसाव्या वर्षी सगळं आपल्याबद्दलच असतं.

रविवारी सकाळी मी एसटीने पळशाला गेले. गायधनींचं घर विचारलं तर निम्मं गावच गायधनी निघालं. फॅक्टरीतले निवृत्ती म्हटल्यावर एका म्हाताऱ्याने मळ्याच्या वाटेकडे बोट दाखवलं. दोन खोल्यांचं, पत्र्याचं घर. दारात त्यांच्या पत्नी पार्वताबाई उभ्या होत्या. बाई घरी आल्या म्हणून त्यांची धांदल उडाली. हे विहिरीवर गेलेत, येतीलच, तुम्ही आत बसा, असं म्हणत त्यांनी सतरंजी अंथरली.

आत पंधरा-सोळा वर्षांची मुलगी परातीत मूग निवडत होती. अलका. एकुलती एक. सातवीनंतर शाळा सोडली, असं पार्वताबाईंनी सांगितलं, का ते सांगितलं नाही. मी कोण ते कळल्यावर मुलीचे डोळे चमकले. तिने मुगातून हात काढला, पुसला आणि कोनाड्यातून एक वही आणून माझ्या मांडीवर ठेवली. माझाच धडा होता. माझ्या फळ्यावरचं प्रत्येक क्रियापद, तारखेसकट. एक ओळ गायधनींच्या अक्षरात, एक ओळ तिच्या. म्हणजे रोज रात्री जेवणं झाली की बाप शिकवायचा आणि मुलगी शिकायची. मी तिला तूर्ने विचारलं. तिने सहाही रूपं धडाधड म्हटली, आणि 'आम्ही फिरवतो' म्हणताना शेवटचा नाकातला उच्चार असा केला की माझ्या वर्गात कुणाला जमला नव्हता.

"बाबा म्हणतात, नाक चोंदल्यासारखं म्हण," ती हसून म्हणाली.

ती हसत असतानाच तिचा चेहरा एका बाजूला ओढला गेला. आधी मला वाटलं ती कुणाकडे तरी बघते आहे. मग परात उपडी झाली आणि ती मुगावर कोसळली. हातपाय ताठ झाले आणि झटके यायला लागले. पार्वताबाईंनी पहिल्यांदा काय केलं असेल तर धावत जाऊन दार लावलं. कडी घातली, खिडकीची झडप ओढली आणि मागच्या दाराने बाहेर जाऊन दबक्या आवाजात हाक मारली.

गायधनी मागच्या दारानेच आले, हात ओले. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. मुलीजवळ बसले, तिला कुशीवर वळवलं, डोकं आपल्या मांडीवर घेतलं, तोंडाशी आलेला फेस टोपीने पुसला. पार्वताबाई कांदा फोडून घेऊन आल्या तर मानेनेच नको म्हणाले. नट आवळणारे ते हात तिच्या कपाळावर इतके हलके होते की मला बघवेना. दोन मिनिटं असतील, मला तास वाटला. झटके थांबले. मुलगी निपचित पडली. मग डोळे उघडले, पण त्यांत ओळख नव्हती.

गायधनी तिच्या कानाशी वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "ज पार्ल."

काही नाही. ते थांबले. पुन्हा म्हणाले, "ज पार्ल."

तिचे ओठ हलले. आवाज नाही.

"ज पार्ल."

"त्यु पार्ल," मुलगी म्हणाली, जड जिभेने.

"इल पार्ल."

"नू पार्लों."

"वू पार्ले," गायधनी म्हणाले, आणि त्यांनी भिंतीला डोकं टेकवून डोळे मिटले. मुलगी परत आली होती.

तिला झोपवून झाल्यावर ते मला फाट्यापर्यंत सोडायला निघाले. वाटेत पेपराचा विषय मी काढला नाही, त्यांनीच काढला. सातव्या वर्षापासून पोरीला फिट येते. महिन्यातून दोनदा, कधी चारदा. आधी शुद्धीवर आली का बघायला तिला बेचा पाढा विचारायचे. आता हे विचारतात, तिला आवडतं म्हणून. तिची आई अंगाने अशक्त, एकटीला पोरगी सावरत नाही. मागे एकदा चुलीजवळ फिट आली तेव्हा थोडक्यात वाचली. गावात कुणाला माहीत नाही. कळलं तर पोरीचं लग्न कायमचं बसलं. पाळी कधीच बदलून घेतली नाही ती यासाठी. सहा महिने परदेशात जाणं म्हणजे काय, ते मी बघितलंच.

मी विचारलं, मग मोडकसाहेबांना सरळ नाही का सांगितलं? ते म्हणाले, नकार दिला की कारण लिहून द्यावं लागतं. मोडकसाहेबांचा शिपाई आमच्या भावकीतला. कागद टेबलावर पोचायच्या आधी पळशात पोचेल.

"घरात सांगितलं नाही," ते म्हणाले. "मंडळीला वाटतं, मी जीव तोडून अभ्यास केलाय. मी मुद्दाम सोडलं असं कळलं तर ती पोरीला दोष लावत बसेल, नाहीतर स्वतःला."

एवढं बोलून ते थांबले. मी काय करावं, याबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. कुणाला सांगू नका, असंही म्हणाले नाहीत. बस आली आणि मी बसले. माझी कायमची नोकरी, आईला लिहिलेलं पत्र, सगळं माझ्या डोक्यात फिरत होतं. खोटं बोलणार नाही, मी खिडकीतून त्यांच्याकडे बघितलं तेव्हा माझं काहीही ठरलेलं नव्हतं.

सोमवारी निकाल मोडकसाहेबांच्या टेबलावर ठेवला आणि दहा मिनिटांत मला बोलावणं आलं. केबिनमध्ये गायधनी आधीच उभे होते, टोपी हातात घेऊन.

मोडकसाहेब वाईट माणूस नव्हते. पण त्यांच्यासमोर फ्रान्सहून आलेलं पत्र होतं आणि त्यात एकाच फिटरचं नाव लिहिलेलं होतं. आणि माझ्या यादीत त्या नावापुढे शून्य. त्यांचा विश्वास बसत नव्हता. लेखी परीक्षेत माणूस घाबरतो, वय झालंय, लिहायची सवय नाही, असं ते स्वतःच म्हणत गेले. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "बाई, माझ्यासमोर तोंडी विचारा. एकच विचारा. आलं तर मी यांना पास करतो. सही माझी."

केबिनमध्ये तिघंच होतो, आणि फ्रेंच येणारी दोघं.

मी क्रियापद शोधायला लागले. नेहमीच्या जातीचं, सोपं, शेपटं बदलून म्हणायला सोपं असं. परवा लिहिलं तसंच गायधनी आता म्हणतील, मी मान हलवीन आणि सगळं आपोआप होईल, मला काही ठरवावंच लागणार नाही, अशी माझी समजूत होती. तोंडातून निघालं ते 'रेस्ते'. रेस्ते म्हणजे राहणे.

गायधनींनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग शाळेतल्या मुलासारखे हात सरळ खाली सोडून त्यांनी म्हणायला सुरुवात केली.

"ज रेस्त. त्यु रेस्त. इल रेस्त. नू रेस्तों. वू रेस्ते. इल रेस्त."

सहाच्या सहा बरोबर. शेवटच्या 'ते राहतात'मधली तीन मुकी अक्षरंसुद्धा मुकी ठेवून. त्याहून स्वच्छ मी स्वतःही म्हटलं नसतं.

मोडकसाहेब माझ्याकडे वळले. "काय? बरोबर?"

टेबलावरच्या पंख्याने पत्राचा कोपरा उडत होता. मी गायधनींकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मला बोलता आलं नसतं.

"चूक," मी म्हणाले.

"किती चूक?"

"सगळंच, साहेब."

"मला तर बरं वाटलं ऐकायला."

"त्या भाषेत ऐकायला सगळंच बरं वाटतं."

मोडकसाहेब मागे टेकले. आधी ते गायधनींना बरंच बोलले. बावीस वर्षांचा अनुभव, कंपनीने टाकलेला विश्वास, तुमच्यापेक्षा कालची पोरं बरी, असं सगळं. गायधनी मान खाली घालून ऐकत होते, आणि मला माहीत होतं की ते शब्द माझ्या एका शब्दामुळे त्यांच्यावर पडताहेत. मग मोडकसाहेब माझ्याकडे वळले. सगळ्यात चांगल्या माणसाला चार महिन्यांत एक क्रियापद येत नसेल, तर दोष शिकणाऱ्याचा की शिकवणाऱ्याचा? मी म्हटलं, शिकवणाऱ्याचा. त्यांनी यादीवर सही केली.

निकाल नोटीस बोर्डावर लागला. गायधनींच्या नावापुढे भोपळा. फ्रान्सला सहाजण गेले, त्यांच्यात पहिलं नाव गायधनींऐवजी इसाक शेखचं. पुढची बॅच पुण्याच्या एका संस्थेला दिली आणि भाषांतराची जागा निघालीच नाही, की निघाली आणि मला कळवली नाही, कोण जाणे. मी सामान बांधलं. दीडेक वर्षाने कोल्हापूरला कॉलेजात लागले, तिथेच लग्न झालं, तिथेच राहिले. पुढे हजारो पेपर तपासले. त्या केबिनमधला तो एक शब्द मी कुणालाच सांगितला नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. लाज वाटायची म्हणून नाही. नीट कुणाला समजावून सांगता येईल असं वाटायचं नाही.

शहाण्णव साली परीक्षेच्या कामासाठी नाशिकला आले होते. काम एक दिवस आधी आटपलं. परतीची गाडी दुसऱ्या दिवशी होती. मी स्टँडवर गेले आणि पळशाच्या बसमध्ये बसले.

घर ओळखू आलं नाही. पत्रे जाऊन स्लॅब आला होता, पुढे द्राक्षाचा मांडव. गायधनी ओट्यावर चष्मा लावून पाण्याच्या मोटरचं काहीतरी खोलून बसले होते. त्यांनी मला लगेच ओळखलं आणि उठून उभे राहिले. मी बसा म्हटलं तरी बसेनात.

हळूहळू सगळं कळलं. सिव्हिलमध्ये नवीन डॉक्टर आले, त्यांनी गोळ्या बदलल्या. दोन-तीन वर्षांत फिट महिन्यावरून वर्षावर आली. अलकाचं लग्न उशिरा झालं, चोविसाव्या वर्षी. पाहायला येणाऱ्यांना गायधनींनी स्वतः सगळं आधी सांगितलं; पोरगी बरी असताना लपवायचं कशाला, म्हणाले. दोघे उठून गेले. तिसरा सिन्नरकडचा मुलगा, तो बसून राहिला. आता तिला एक मुलगा आहे, शिवणाचं मशिन आहे, बरं चाललंय.

आणि फॅक्टरी? ते गेल्या वर्षी रिटायर झाले होते. फिटर म्हणूनच. इसाक फ्रान्सहून येऊन फोरमन झाला, त्याच्या हाताखाली बारा वर्षं काढली. इसाक भला माणूस, कधी शब्दाने दुखावलं नाही. नवीन पोरं मात्र भोपळेमामा म्हणायची. त्यांना खरं नावही माहीत नसायचं, असं सांगून ते स्वतःच हसले.

मला हसता आलं नाही. चौदा वर्षं जे विचारायचं होतं ते मी विचारलं.

"पेपरात तुम्ही सगळं उलटं लिहिलंत. मग त्या दिवशी केबिनमध्ये बरोबर का म्हणालात?"

त्यांनी हातातला स्क्रू फडक्यावर ठेवला.

"लिहिताना जमलं. म्हणताना जमेना," ते म्हणाले. "तुम्ही समोर उभ्या. तुम्ही शिकवलेलं तुमच्याच तोंडावर वाकडं म्हणायचं, जीभच वळेना. म्हटलं, होईल ते होईल. बाई काय ते ठरवतील."

"आणि मी बरोबर म्हणाले असते तर?"

"तर गेलो असतो."

त्यांनी ते अगदी साधेपणाने म्हटलं. इतकी वर्षं माझी समजूत होती की ठरवलं त्यांनी होतं आणि मी फक्त साथ दिली. त्या दोन मिनिटांत एका घराचं सगळं ओझं त्यांनी उचलून एका चोवीस वर्षांच्या मुलीच्या जिभेवर ठेवलं होतं, आणि ते तिला माहीतच नव्हतं.

मागे बशी वाजली. पार्वताबाई चहा घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

"म्हणजे तुम्हाला येत होतं?" त्या नवऱ्याला म्हणाल्या.

गायधनी चष्मा पुसायला लागले. पुसता पुसता म्हणाले, "येत होतं."

"सगळं?"

"सगळं." मग तोंड चुकवत म्हणाले, "अलकीला ठाऊक असणार. बोलली नाही ती कधी."

पार्वताबाईंनी चहा माझ्यासमोर ठेवला आणि खालीच बसल्या. नवऱ्याकडे न बघता त्यांनी मला सांगितलं. यांचा अभ्यास बघून त्या घाबरल्या होत्या. हा माणूस पास होणार आणि आपल्याला पोरीसोबत टाकून जाणार. कुणाजवळ बोलायची सोय नाही. शेवटी मारुतीला नवस बोलल्या, यांना नापास कर, अकरा नारळ देईन. निकाल लागल्यावर आलेल्या पहिल्या शनिवारी उपाशीपोटी जाऊन अकरा नारळ फोडले. नवऱ्याचं वाईट चिंतलं म्हणून चौदा वर्षं मनाला खात होतं. ह्यांना लोक भोपळेमामा म्हणायचे, ते ऐकलं की घास उतरायचा नाही.

"मला सांगायचं तरी," त्या पहिल्यांदाच नवऱ्याकडे बघून म्हणाल्या.

"तू तरी कुठं सांगितलंस?" गायधनी म्हणाले.

पार्वताबाई पदराने तोंड पुसून उठल्या आणि आत गेल्या. डबे हलल्याचा आवाज आला, पेटी उघडल्याचा आवाज आला. गायधनी मोटरकडे बघत बसले होते आणि मी चहाकडे. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात तांदळाचं ताट होतं, त्यावर हिरवा खण आणि एक नारळ. त्यांनी ओट्यावर पाट मांडला आणि मला त्यावर बसायला सांगितलं. मी नको नको म्हणत होते, मी काही केलं नाही, एक शब्द तर बोलले, असं काहीतरी. त्यांनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं.

"अकरा मारुतीला दिले," त्या म्हणाल्या. "हा ज्याचा त्याला."

मी पदर पसरला.